रस्त्यावरचा मका

त्या साली पावसानं जायचं नावच घेतलं नाही. पोळा झाला, गणपती गेले, घट बसले आणि उठलेसुद्धा, तरी दुपार कलली की कारंजाच्या बाजूनं आभाळ काळवंडायचं आणि दिवे लागेपर्यंत वावराचं तळं होऊन जायचं. महादेवरावांचा मका त्या तळ्यात उभा होता.

तसा त्या भागात मका कोणी पेरत नसे. कापूस, तूर, सोयाबीन, पाणी असलं तर संत्र्याची झाडं, हीच शेती. पण तीन साल लागोपाठ कापसानं दगा दिला आणि महादेवराव कंटाळले. रस्त्याकडच्या तुकड्यात यंदा मका टाकतो म्हणाले. सुमित्राबाईनं तेव्हा काही म्हटलं नाही. नवऱ्यानं एकदा ठरवलं की ते बैलानं मान फिरवल्यासारखं असे, ओढून फायदा नव्हता.

मका चांगला आला होता, माणूस आत दिसू नये एवढा. पण ज्या रस्त्याकडचा तो तुकडा होता त्याच रस्त्यानं त्याचा घात केला. नागपूर-अमरावती रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा महादेवरावांच्या वावराची एक पट्टी त्यात गेली होती. पैसे आले तसे गेले. राहिला तो पुरुषभर उंच भराव. पूर्वी वावरातलं पाणी सरळ नाल्याला जाई. आता ते भरावाला टेकून उभं राही आणि मक्याची मुळं खाई.

"महादेवराव, मका पेरला का मासोळ्या सोडल्या तुमी?" शेजारच्या वावरातला तानबा धुऱ्यावरून ओरडे.

"हासून घे. तुह्या सोयाबीनचे पाय बी पान्यातच हायेत," महादेवराव म्हणत. पण त्या म्हणण्यात जीव नसे.

दसऱ्यानंतर त्यांनी तोडणी सुरू केली. गावातल्या बायका सोयाबीनच्या सोंगणीला जात होत्या. पोटरीएवढ्या चिखलात उतरून मक्याची पाती अंगावर घ्यायला कोणी तयार नव्हतं. मुलगा गजेंद्र कारंजाला एका दुकानात कामाला, सकाळी जाई तो अंधारात येई. उरले तिघंच, महादेवराव, सुमित्राबाई आणि सून रीता.

मक्याचं ओलं पान साधं दिसतं, पण कडेनं विळ्यासारखं कापतं. पहिल्याच दिवशी दोघींचे हात मनगटापासून कोपरापर्यंत रेघांनी भरले. घामाचं मीठ त्यात उतरलं की रीता दात दाबून घेई. सुमित्राबाईच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. रात्री ती एरंडीचं तेल लावून निजे आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात पाय घाले. बैलगाडी आत येत नव्हती. टोपलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, आणि एक पाय उपसून दुसरा रोवत भरावापर्यंत जायचं.

वरून कणीस धडधाकट दिसे. साल सोलली की कळे. कुठं शेंड्याला काळी बुरशी, कुठं दाण्यांतून पांढरे कोंब वर आलेले, तान्ह्या पोराच्या हिरड्यांतून दात यावेत तसे.

"आई, हे घ्याचं का टाकाचं?" रीता विचारी.

सुमित्राबाई कणीस हातात फिरवून पाही. अर्धं चांगलं असे. "घे. मंग निवडू," ती म्हणे. आणि टोपलं जड होत जाई.

मळणीयंत्रवाला आला तेव्हा कणसं अजून ओलीच होती. पाच-सहा गावांत एक यंत्र, आज नाही काढला तर दिवाळीनंतरच येईन म्हणाला. यंत्र सुरू झालं आणि थोड्या वेळात घुरघुरायला लागलं.

"ओला हाय हो काकाजी, चाळनीत गच्चून राह्यला. पयले वाळवाले पायजे होता."

"कुठी वाळवू? आभाळात?" महादेवराव म्हणाले.

दाणे निघाले, पण मऊ, नख रुतेल असे. रात्रीतून ढीग तापला. सकाळी सुमित्राबाईनं त्यात हात खुपसला तर आत ताज्या शेणाची ऊब होती, आणि वास किंचित आंबूस. दोन दिवस कडक ऊन मिळालं नाही तर सगळं जाणार हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

अंगण चिखल झालेलं. कोरडी जागा एकच होती, नवा रस्ता. जुन्या रस्त्यावरून ट्रक धावत होते. त्याला लागून नव्या रस्त्याची पट्टी डांबर टाकून तयार होती, पण मोठ्या गाड्यांसाठी अजून उघडली नव्हती. काळंभोर, गुळगुळीत डांबर दुपारी तव्यासारखं तापे. तानबानं आधीच तिथं सोयाबीन पसरलं होतं. त्याच्या पुढं महादेवरावांनी मका पसरला.

सुमित्राबाई पायानं दाणे फिरवत चालू लागली, उभ्या रेघा, मग आडव्या. धुऱ्यावरच्या बाभळीवरून तिनं अंदाज घेतला आणि थांबली. इथंच, या भरावाखाली, त्यांचं खळं होतं. ती नवी नवरी होऊन आली त्या साली याच जागी सासऱ्यांनी ज्वारीची रास घातली होती. आता आपल्याच खळ्यावर धान्य वाळवायचं तर मनात कोणी हटकेल म्हणून धाकधूक. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. त्यांच्याही ध्यानात आलं असेलच.

पट्टी उघडलेली नसली तरी मोटरसायकली तिच्यावरूनच जात. सकाळीच एकानं मक्यावरून गाडी नेली. दाणे दोन्ही बाजूंना उडाले. महादेवराव त्याच्या मागं शिव्या देत धावले, आणि परत आले ते भरावाखालून मोठाले दगड उचलत. मक्याच्या कडेनं त्यांनी दगडांची रांग मांडली.

"एवढे मोठे गोटे काऊन ठेवता?" सुमित्राबाई म्हणाली. "झुडपं ठेवा. कोनी पडन."

"झुडपावरून गाड्या नेतेत लोकं. गोट्याले भेतेत."

तो दिवस चांगला तापला. दुसऱ्याही दिवशी ऊन होतं. तिसऱ्या प्रहरी सुमित्राबाईनं दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला नाही, पण चिकटलाही नाही. अजून एक दिवस हवा होता.

तो मिळाला नाही. सूर्य खाली गेला आणि कारंजाकडून वारा सुटला. आभाळ एकदम उतरलं. रस्त्यावर जिकडंतिकडं पळापळ झाली. महादेवराव लाकडी दाताळ्यानं दाणे ओढू लागले, रीता फावड्यानं, सुमित्राबाई खराट्यानं. ढीग उभा राहिला की त्यावर ताडपत्री टाकायची, कडेनं दगड दाबायचे. ताडपत्री एकच होती, घडी घालून बाजूला ठेवलेली.

वाऱ्यानं धूळ उठली होती. त्या धुळीतून मोटरसायकलचा आवाज आला, जोरात, पावसाच्या आधी घर गाठायला निघाल्यासारखा. मग धाडकन दुसरा आवाज, आणि लोखंड डांबरावर घासत गेल्याचा.

सुमित्राबाईनं वळून पाहिलं. गाडी आडवी पडून चाक फिरत होतं. जरा पुढं एक माणूस पडला होता, तिशीतला, खाकी पँट, शेजारी पिशवीतून सांडलेली गवंड्याची थापी आणि ओळंबा. तो उठायला गेला आणि ओरडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नको तिथं वळला होता.

ती खराटा टाकून धावली. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात महादेवरावही धावताना दिसले. तिला वाटलं, माणसाकडंच येताहेत. पण ते दगडांकडं गेले होते. एक दगड उचलून त्यांनी भरावाखाली ढकलला. मग दुसरा. मग तिसरा.

"थो मानूस पडला हाय अन् तुमी दगड उचलून राह्यले?"

महादेवराव थबकले. चौथा दगड त्यांच्या हातात होता. "कोनी पाह्यलं तं?" ते हळू म्हणाले.

सुमित्राबाईला त्या क्षणी त्यांचा चेहरा ओळखू आला नाही. पण उभं राहून पाहायला वेळ नव्हता.

"बाई, माहा पाय…" तो माणूस म्हणत होता. पावसाचे टपोरे थेंब डांबरावर पडायला लागले होते.

"रीता, ताडपत्री आन."

"आई, मका…"

"आन म्हनते ना मी."

रीतानं सासऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं, आणि ताडपत्री उचलून आणली. तानबा आपलं सोयाबीन तसंच सोडून आला. तिघांनी त्या माणसाला सरकवून ताडपत्रीवर घेतलं. चौथं टोक मोकळं होतं. महादेवराव हात झटकत आले आणि खाली पाहत त्यांनी ते धरलं.

जुन्या रस्त्यावर सुमित्राबाई दोन्ही हात पसरून ट्रकापुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून डोकं बाहेर काढलं. "माताजी, पुलिस का लफडा होगा."

"काई लफडा नाई होत भाऊ. मी बसते ना संगं."

ट्रक सुटला तेव्हा पाऊस मुसळधार झाला होता. मागं तिला रस्त्यावरचा पिवळा ढीग दिसला, उघडा, आणि त्याच्यावर पाठ वाकवून काहीतरी पसरणारी रीता.

माणसाचं नाव प्रेमदास होतं. कारंजाला एका घराचं बांधकाम करून तो गावी चालला होता. ट्रकच्या फळीवर पडून तो ओठ चावत होता. सुमित्राबाई ताडपत्रीचं टोक त्याच्या डोक्यावर धरून बसली होती.

"दगड होता, बाई," तो म्हणाला. "धुळीत दिसला नाई मले."

"हाव."

थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "मका तुमचा होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. रस्त्यावर दहा जणांचं धान्य होतं. "आमचाच होता," ती म्हणाली. त्यानं डोळे मिटून घेतले.

कारंजाच्या दवाखान्यात पाय ताणून बांधला तेव्हा तो ओरडला, आणि तिनं त्याचे खांदे दाबून धरले. मग एक हवालदार आला. "कसं काय झालं?" त्यानं विचारलं. सुमित्राबाईनं तोंड उघडलं, पण त्याआधीच प्रेमदास बोलला.

"पानी आलं साहेब. गाडी घसरली."

हवालदार गेल्यावर ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्यानं मान फिरवली. "लायसन नाई माह्याजवळ. तुमच्यासाठी नाई बोललो मी."

रात्री त्याची बायको जयवंता आली. धावत आल्यानं तिचा पदर ओला होऊन अंगाला चिकटला होता. ती नवऱ्याच्या पायाशी उभी राहिली, मग या अनोळखी बाईकडं वळली. सुमित्राबाई उठली. "ताडपत्री राहू द्या. खाली कोरडं राह्यते," एवढंच म्हणून ती बाहेर आली. गजेंद्रला कोणीतरी निरोप दिला होता. त्याच्या सायकलच्या मागं बसून ती घरी आली.

घरी महादेवराव ओट्यावर बसले होते. गोणपाटं, जुन्या साड्या, रीतानं माहेराहून आणलेली गोधडीसुद्धा मक्यावर टाकून झाली होती. तरी ढिगाच्या तळानं पाणी वाहून गेलं होतं आणि अर्धा मका पिऊन फुगला होता.

"ताडपत्री गेली अन् मका बी गेला," ते म्हणाले.

"मानूस जगला. पाय मोडला त्याचा."

त्यानंतर त्या नवराबायकोत सरळ बोलणं झालं नाही. भांडणही नाही. भांडायला तोंड तरी उघडावं लागतं. "मामाजीले जेवाले बोलाव," असं सुमित्राबाई रीताला सांगे. महादेवराव येत, ताटावर बसत, अर्धी भाकर ठेवून उठत. एकत्र संसाराच्या इतक्या वर्षांत तिनं त्यांचा राग पाहिला होता, हट्ट पाहिला होता. हे तीन दगड तिनं कधी पाहिले नव्हते. भाकरी थापताना, बैलाला पाणी दाखवताना, मध्येच तिच्या कानांत दगड भरावावरून घरंगळल्याचा आवाज येई.

मका घरभर पसरला होता. बाजांवर, ओट्यावर, चुलीच्या मागं. घराला मोहाच्या दारूसारखा वास येत होता. दोघी सासूसुना उकिडव्या बसून निवडत. चांगला वेगळा, कोंबाचा वेगळा, काळा वेगळा. गजेंद्रनं एक पोतं कारंजाला नेलं. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे नाकाशी नेले आणि परत पोत्यात टाकले. "हे कोंबड्या बी खानार नाई," म्हणाला. चांगला मका कसाबसा गेला. काळा सुमित्राबाईनं बैलांनाही घातला नाही, उकिरड्यावर नेऊन ओतला.

दिवाळी जवळ आली, ऊन स्वच्छ पडू लागलं, आणि एका दुपारी जयवंता दारात उभी राहिली. काखेत ताडपत्रीची घडी.

"वापस द्याले आली. धुतली, पन डाग नाई गेला."

"बस ना. च्या मांडते."

"बसाले टाइम कुठी हाय? आमचं सोयाबीन उभं हाय वावरात. शेंगा तडकून राह्यल्या. मजूर भेटत नाई. याच्याकडं पाहू का वावराकडं पाहू?" ती मागत नव्हती. तक्रारही करत नव्हती. रस्त्यात भेटलेल्या बाईला सांगावं तसं सांगत होती.

आत महादेवराव दोर वळत बसले होते. त्यांचे हात थांबल्याचं सुमित्राबाईला कळलं.

"उद्या येतो आमी," ती म्हणाली. "मी अन् सून."

"काऊन?"

"दगड आमचे होते म्हनून."

"माहीत हाय मले. त्यानं सांगतलं." जयवंतानं पदर खोचला. तिच्या आवाजात मऊपणा नव्हता. "सकायी येजा मंग. ऊन चढलं का शेंगा फुटतेत."

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या तेव्हा महादेवराव रस्त्यावर उभे होते. हातात तीन विळे, तिन्हींना ताजी धार. ते पुढं चालू लागले आणि दोघी मागून.

प्रेमदासचं वावर लहान होतं, पण वाळलेलं सोयाबीन कमरेतून माणूस मोडतं. खाली वाकायचं, मुठीत धरायचं, विळा ओढायचा. शेंगांची टोकं तळहातात रुतत होती. महादेवरावांनी कोणी न सांगता सगळ्यात गवताळ बाजू घेतली. थोड्या वेळानं जयवंता पलीकडून ओरडली, "काकाजी, जरासक वरून कापा. मुळासंगट येऊन राह्यलं. माती लागते दान्याले."

सोंगणीत महादेवरावांना आजवर कोणी शब्द सांगितला नव्हता. ते इतरांना सांगत. सुमित्राबाई हात थांबवून पाहत राहिली. ते क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी विळा वर सरकवला आणि वरून कापायला लागले.

दुपारी पाणी प्यायला सगळे घरी गेले. प्रेमदास ओसरीत बाजेवर पडला होता. पाय पांढऱ्या पलस्तरात, त्यावर माशा. महादेवराव पाणी न पिताच त्याच्या बाजेजवळ जमिनीवर बसले. सुमित्राबाई दाराशी लोटा घेऊन उभी होती.

"दगड मी ठेवलते," महादेवराव म्हणाले.

"माहीत हाय."

"तू पडल्यावर उचललेबी मीच. तुले उचलाच्या पयले."

हे प्रेमदासला माहीत नव्हतं. त्यानं मान वळवून या म्हाताऱ्याकडं पाहिलं. "उचलले?"

"हाव. फेकले खाली. वाटलं, कोनी पाह्यलं नाई तं बरं."

प्रेमदास भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. जयवंता चुलीशी होती, तिचाही हात थांबला. महादेवराव उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून, बोलावणं येईपर्यंत कचेरीत माणूस बसतो तसे बसून राहिले.

बऱ्याच वेळानं प्रेमदास भिंतीकडं पाहतच म्हणाला, "उद्या येता का?"

"येतो."

"मंग नाल्याकडून धरजा. तिकडचं लवकर गळते."

सांजेपर्यंत त्यांनी अर्ध्याहून जास्त सोंगलं. परत निघाले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं आणि रस्त्यावर मोकळी हवा सुटली होती. रीता पुढं झपाझपा निघून गेली. तिला घरी चूल पेटवायची होती. महादेवराव मागं पडत होते. दर दहा-वीस पावलांवर एक हात कमरेवर जाई आणि कोणी पाहिलं की काय म्हणून लगेच खाली येई.

सुमित्राबाई चालता चालता थांबली. ते जवळ येईपर्यंत उभी राहिली.

"कंबर दुखते का?" तिनं विचारलं.

महादेवराव दचकल्यासारखे तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "दुखते."

"मंग दमानं चाला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातला विळा आपल्या हातात घेतला.